40 पैकी टॉपरलाच 33, मग ग्रेड लावायची तरी कशी?

नमस्कार सर. तुमचं पत्र चांगलं तीन पानी आहे, सगळं इथं देता येत नाही, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सर यंदाच कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलला लागलेत, 9वीला सायन्स शिकवतात, वर्गात 38 पोरं. 40 मार्कांची टेस्ट घेतली, तर टॉपरला 33 आणि 17 जण 14 च्या खाली. हेडमास्तर म्हणाले, "असला रिझल्ट सॅट्सला भरायचा नाही, काहीतरी बघा." (सॅट्स म्हणजे पोरांचे मार्क भरायचं सरकारी पोर्टल.) मग स्टाफरूममध्ये तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला सगळ्यांना 5-5 वाढवून टाका, दुसरा म्हणाला 33 लाच फुल मार्क धरा, तिसऱ्याने यूट्यूबवर बघितलेला वर्गमुळाचा फॉर्म्युला सांगितला. त्यात एक पालक येऊन बसले की आमच्या मुलाला 31.5 आहेत, त्याला ए का नाही. शिवाय झेरॉक्समध्ये एका 4 मार्कांच्या प्रश्नातला आलेख पुसट आला होता, आणि एक मुलगी तापामुळे टेस्टला आलीच नाही. सर विचारतात, बाई, ह्यातलं बरोबर काय आणि मी कुणाचं ऐकू?

कुणाचंच ऐकू नका, निदान आठवडाभर तरी. आधी आकडेमोड करून बघू, त्यातच अर्धी उत्तरं मिळतील.

ग्रेडचा तक्ता तर आपल्याकडे आहेच, नवीन शोधायला नको. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या 10वीच्या बोर्डाला, 625 पैकी 563 पासून ए प्लस, 500 पासून ए, 438 पासून बी प्लस, 375 पासून बी, 313 पासून सी प्लस आणि 219 पासून सी. टक्क्यात बघितलं तर 90, 80, 70, 60, 50, 35. हेच तुमच्या 40 मार्कांना लावलं तर 36, 32, 28, 24, 20 आणि 14, एकदम पूर्ण आकडे, 40 चा पेपर काढायचा हा एक फायदा. आता बोर्डाने एसएसएलसीला 33 टक्क्यांचा नवीन नियम आणलाय, 625 पैकी 206 आणि प्रत्येक विषयात निदान 30, (206 म्हणजे खरं तर 33 टक्क्याला पाव मार्क कमीच पडतोय, खरं जाऊदे, पोरांच्या बाजूने आहे) तो 10वीचा नियम झाला, तुमच्या 9वीच्या टेस्टला शाळेत जे ठरलंय तेच धरा, तुम्ही 14 धरलंय तर 14.

म्हणजे तुमच्या टॉपरला ए मिळतो, ए प्लस कुणालाच नाही. त्यात वाईट काय आहे? ए प्लस प्रत्येक टेस्टला कुणाला तरी मिळालाच पाहिजे असं कुठं लिहिलंय. खानापूरकडचे तुम्ही, भाताचं तुम्हाला सांगायला नको, माप आधी ठरतंय मग भात मोजतात, रास कमी भरली म्हणून मधेच मापटं बदललं तर घेणारा गप्प बसेल काय. ग्रेडची हद्द पेपर तपासायच्या आधी ठरवायची, शक्यतो पेपर काढतानाच ठरवायची, आणि पोरांना फळ्यावर लिहून दाखवायची. एकदा तपासायला बसलो की आपल्याला नावं दिसायला लागतात, हा हुशार आहे ह्याला एवढेच कसे, ही गप्प असते हिला एवढे कसे पडले, आणि मग हद्द आपोआप सरकायला लागते. हे मी लई लोकांचं बघितलंय, चांगल्या चांगल्या शिक्षकांचं सुद्धा.

आता ते तीन सल्ले एकेक करून बघा.

सगळ्यांना 5 वाढवले. 9 वाला 14 वर आला, पास. हेडमास्तर खूश. खरं बाकीच्यांचं काय झालं ते बघा ना. 27 वाला बी मध्ये होता तो 32 झाला म्हणजे थेट ए, मधली बी प्लस त्याने ओलांडूनच टाकली, आणि 28 वाला जो त्याच्यापेक्षा एका मार्काने पुढे होता तो 33 वर, तोही ए. 15 वाला सी मध्ये होता तो 20 झाला, सी प्लस. म्हणजे कुणाला दोन पायऱ्या, कुणाला एक, आणि कारण काय तर काहीच नाही, तो हद्दीच्या कुठल्या बाजूला उभा होता एवढंच. आणि एकदा 5 दिले की पुढच्या टेस्टला पोरं विचारणार, सर ह्यावेळी किती वाढवणार? बोर्डाचं पण असंच झालं होतं, आठवतंय का, 2024 ला एसएसएलसीला वेबकास्टिंग लावलं, म्हणजे परीक्षेच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांवर वरून थेट नजर, कॉप्या बंद झाल्या आणि रिझल्ट धाडकन खाली यायला लागला, मग ग्रेस 10 टक्क्यावरून 20 टक्के केली, तरीसुद्धा 2023 ला 83.89 टक्के होता तो 73.40 वर आला. मुख्यमंत्र्यांनीच नंतर विचारलं की हे कुणाला विचारून केलं, आणि पुढच्या वर्षी ती वाढीव ग्रेस गेली. ज्या पोरांनी गृहीत धरलं होतं की ग्रेस मिळेल त्यांची काय अवस्था झाली असेल.

दुसरा सल्ला, 33 लाच 40 धरायचे. म्हणजे प्रत्येकाच्या मार्काला 40 ने गुणून 33 ने भागायचं. हा दिसायला सगळ्यात शास्त्रीय दिसतोय म्हणून स्टाफरूममध्ये ह्यालाच जास्त मतं पडतात. करून बघा. टॉपर 33 चा 40 झाला, त्याला 7 मार्क फुकट मिळाले. 9 वाल्याला मिळाले जेमतेम 2, तो 10.9 वर, म्हणजे नापासचा नापासच. ज्याला गरज नव्हती त्याला सगळ्यात जास्त आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय त्याला चिंचोके. 12 वाला मात्र 14.5 वर जाऊन पास होतो. ठीक आहे. आता समजा वर्गात आणखी एक पोरगी असती, मन लावून अभ्यास केलेली, तिला 39 पडले असते. मग भागायचं 39 ने, आणि तोच 12 वाला 12.3 वर, नापास. त्याने तेच लिहिलं, पेपर तोच, तपासणारे तुम्हीच, आणि तो नापास झाला कारण मधल्या बाकावरची पोरगी अभ्यास करून आली! हे त्या पोराच्या बापाला कसं समजावून सांगणार तुम्ही?

अशी एकमेकांशी तुलना करून ग्रेड द्यायची पद्धत नाहीच असं नाही. सीबीएसई 10वी-12वीच्या बोर्डाला तेच करते, पास झालेल्या सगळ्या पोरांचे आठ भाग करायचे, वरच्या आठव्या हिश्श्याला ए वन, त्याच्या खालच्याला ए टू, असं खालपर्यंत. खरं तिथं लाखो पोरं असतात, एखादी हुशार पोरगी आली-गेली तरी रेषा हलत नाही. तुमच्या 38 चा आठवा हिस्सा काढला तर पावणेपाच पोरं होतात, पाचव्या पोराचा पाऊण भाग कुठं बसवायचा ते सांगा.

तिसरा, वर्गमुळाचा. टक्केवारीचं वर्गमूळ काढायचं आणि 10 ने गुणायचं. 36 टक्क्यांचे 60 होतात, 81 चे 90, आणि 100 चे 100 च राहतात, त्यामुळे वरचं बिघडत नाही आणि खालच्यांना चांगली उचल मिळते असं त्या व्हिडिओत सांगितलं असणार. बरोबर आहे, उचल मिळते, खरं किती मिळते ते बघितलंत काय? 40 पैकी 10 म्हणजे 25 टक्के, त्याचे झाले 50, सी प्लस. आणि 40 पैकी 5 म्हणजे साडेबारा टक्के, वर्गमूळ काढून 35.4, पास. 5 मार्कांना पास! तुमच्या पेपरात 8 बहुपर्यायी प्रश्न आहेत असं लिहिलंय तुम्ही. चार पर्याय आहेत, तर काही न वाचता डोळे झाकून टिक केलं तरी सरासरी 2 मिळतातच, नशीब बरं असलं तर 3-4. वर एखादी व्याख्या आली की पास. आणि वर तुमचा टॉपर 33 चा 90.8 होऊन ए प्लस झाला, तो आता पुढच्या टेस्टला कशाला पुस्तक उघडतोय.

तेव्हा तिन्ही नकोत. मग काय करायचं? पोरांचे मार्क बाजूला ठेवा आणि पेपर समोर घ्या. दोष आधी पेपरात शोधायचा.

एक मोठा कागद घ्या, किंवा लॅपटॉपवर एक्सेल येत असेल तर त्यात करा, उभ्या ओळीत 38 नावं, आडवे प्रश्नांचे नंबर, आणि प्रत्येक प्रश्नाला किती मिळाले ते भरा. कोरा सोडला असेल तर तिथं रेघ मारा, शून्य नको, कारण प्रयत्न करून चुकणं वेगळं आणि न लिहिणं वेगळं. एक संध्याकाळ जाईल, जाऊदे. मग वरची 10 पोरं आणि खालची 10 पोरं वेगळी करून प्रत्येक प्रश्न बघा. एखादा प्रश्न वरच्या 10 मधल्या 8 जणांचा पण चुकलाय, तर पोरांकडे बघू नका, एकतर प्रश्न गडबडलाय नाहीतर तो भाग तुमचाच शिकवायचा राहिलाय किंवा घाईत झालाय. जो प्रश्न वरच्यांना आला आणि खालच्यांना नाही, तो प्रश्न चांगला, त्याला हात लावायचा नाही. आणि जो खालच्यांना आला आणि वरच्यांना नाही, तिथं उत्तरसूची परत तपासा, बऱ्याचदा आपणच उत्तर चुकीचं लिहून ठेवलेलं असतंय! हे सगळं वाचायला किचकट वाटेल, खरं एकदा केलं की सवय होते आणि पुढचा पेपर काढताना हात आपोआप सरळ चालतो.

त्यात तुमचा तो पुसट आलेख. वेग-काल आलेख आणि अक्षावरचे आकडेच दिसत नाहीत, मग पोरगं काय त्वरण काढणार, कपाळ? हा प्रश्न शंभर टक्के आपली चूक आहे, म्हणजे शाळेची, झेरॉक्सवाल्याची, कुणाची का असेना, पोरांची नाही. इथं दुरुस्ती करायलाच पाहिजे आणि ही दुरुस्ती म्हणजे मार्क वाटणं नव्हे.

दोन रस्ते लोक वापरतात. एक, सगळ्यांना ते 4 मार्क द्यायचे. दुसरा, तो प्रश्नच काढून टाकायचा आणि 36 पैकी धरायचं. पहिल्यात ज्याने ते पान उलटलं सुद्धा नाही त्याला 4 फुकट. दुसऱ्यात काय होतंय बघा, एखाद्या पोरीने पुढच्या बाकावर बसून डोळे फाडून आकडे ओळखले, बरोबर सोडवलं, 4 घेतले, एकूण 30 झाले म्हणजे 75 टक्के. प्रश्न काढला तर तिचे 36 पैकी 26, म्हणजे 72.2. तिने कष्ट केले आणि तिचेच कमी झाले.

मी काय करायची ते सांगते. प्रत्येक पोराचं दोन्ही तऱ्हेने काढायचं, 40 पैकी जे आहेत ते, आणि तो प्रश्न सोडून 36 पैकी, आणि जी टक्केवारी जास्त असेल ती ठेवायची. वरच्या पोरीला 75 च राहतात. ज्याचे एकूण 13 होते आणि आलेखाच्या प्रश्नात भोपळा, त्याचे 36 पैकी 13 म्हणजे 36.1 टक्के, तो पास झाला आणि त्याला कुणी दान दिलेलं नाही, त्याच्या हक्काचं मिळालं. 10 वाला मात्र 27.8 वरच राहतो. तो खरोखरच मागे आहे, हे तुम्हाला कळायला पाहिजे आणि त्यालाही.

एवढं करून 17 चे कदाचित 12-13 होतील, तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत म्हणून पक्कं सांगत नाही. ते उरलेले घेऊन हेडमास्तरांकडे जा. जाताना तो मोठा कागद घेऊन जा, तोंडी सांगत बसू नका. सांगा, सर, हे तीन धडे ह्यांना आलेले नाहीत, मला शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी तेवढा रेमेडियल तास द्या आणि तेवढ्याच भागावर दुसरी टेस्ट घेऊ द्या. एफए आहे ही, म्हणजे फॉर्मेटिव्ह असेसमेंट, नावातच शिकत असताना घ्यायची परीक्षा आहे, शेवटचा निकाल नव्हे. आणि बोर्डच आता 2024 पासून एसएसएलसीला वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा घेतंय आणि त्यातले चांगले मार्क ठेवू देतंय, मग 9वीच्या एका टेस्टला आपण एवढं कडक कशाला व्हायचं. हेडमास्तरांना वाईट समजू नका. वरून बीईओ (गट शिक्षणाधिकारी) ऑफिसचा फोन येतो, मीटिंगमध्ये शाळेचं नाव घेऊन विचारतात, त्यांच्या पण मागे तगादा असतोच. त्यांना रिझल्ट सुधारलेला पाहिजे, तो तुम्ही दोन आठवड्याने खरा सुधारून देताय म्हटल्यावर बहुतेक तयार होतील. नाहीच झाले तर तुमच्या रजिस्टरमध्ये खरे मार्क लिहून ठेवा आणि वाढवलेले वेगळ्या रकान्यात, खाली सही-तारीख करून. खरा आकडा पुसायचा नाही एवढं पाळा.

दुसऱ्या टेस्टला एक गोष्ट. सगळ्यांना बसू द्या, नुसत्या नापासांना नको. नाहीतर 15 वाला म्हणेल मी पास झालो हेच चुकलं. आणि दोन्हीतला जास्त तो ठेवायचा, सरासरी काढू नका, पहिल्यांदा येत नव्हतं आणि आता येतंय तर आता येतंय हेच खरं की. काहीजण म्हणतात दुसऱ्यांदा बसलेल्याला सी च्या वर द्यायचं नाही. मला पटत नाही. पोराने ते प्रकरण शिकून ए चं काम केलं तर ए द्या.

आता ते 31.5 वाले पालक. इथं मात्र पालकांचं एका अर्थी बरोबर आहे आणि एका अर्थी नाही. 31.5 म्हणजे 78.75 टक्के, तक्त्यानुसार बी प्लस. अर्धा मार्क वर धरला तर 32, म्हणजे ए. बोर्डाचाच तक्ता बघा, 70 टक्के म्हणजे 437.5 होतात, तर त्यांनी बी प्लस 438 पासून ठेवलाय. 437 वाल्याचे 69.92 टक्के होतात, कुणी त्याला म्हणत नाही की 70 च झाले, घे बी प्लस. म्हणजे टक्केवारी फुगवायची नाही. खरं पेपरवरच्या एकूण बेरजेतला अर्धा मार्क पहिल्या पानावर लिहिताना वर धरायचा ही पद्धत बऱ्याच शाळांत आहे, तुमच्याकडे बाकीचे शिक्षक तसं करत असतील तर तुम्ही पण करा, त्याला 32 लिहा आणि ए द्या.

फक्त एक करा. त्याला दिलंत तर मग सगळे अर्धे शोधा. तुमच्या वर्गात 13.5 वाला असणारच कोणीतरी, त्याचे पण 14 करा, तो पण पास झाला. त्याचे वडील शाळेत येऊन बसणार नाहीत हो सर, ते सकाळी बेळगावला कामाला गेले असतील नाहीतर गोव्याला, त्यांना टेस्ट झाली हेच माहीत नसेल. जो भांडायला येतो त्याच्या पोराचा अर्धा मार्क वर जातो आणि जो येत नाही त्याचा तिथंच राहतो, असं होऊ देऊ नका.

आणि राउंड एकदाच. समजा हे 40 चे 10 करून इंटर्नलला धरणार आहात आणि कुणाला 25.5 आहेत. सरळ केले तर 6.375, म्हणजे 6. आधी 26 केले आणि मग 10 चे केले तर 6.5, त्याचे 7. एकाच पेपराचे 6 पण होतात आणि 7 पण! तेव्हा 40 वर थांबून ग्रेड लावणार असाल तर 40 वर राउंड करा, आणि 10 वर नेणार असाल तर मधे काही न करता कच्चा 25.5 घ्या आणि शेवटी 10 वरच राउंड करा. सगळ्या पोरांना तीच रीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक विचारलंय की पालक नेहमी सहाही विषयांचे टक्के काढून 6 ने भागतात आणि मार्कलिस्टवर वेगळं दिसतं म्हणून भांडतात. ते फर्स्ट लँग्वेजमुळे होतंय. आपल्या पोरांची फर्स्ट लँग्वेज मराठी, ती 125 ची, बाकीचे 100 चे. समजा मराठीला 120, इंग्लिश 74, कन्नड 70, गणित 72, सायन्स 80, समाज 85. बेरीज 501, 625 ने भागून 80.16, ए. आता पालकांच्या पद्धतीने मराठीचे 96 टक्के धरून सगळ्यांची सरासरी काढा, 79.5 येते, बी प्लस. तेच मार्क, दोन ग्रेड. बोर्डाचं 625 वालंच बरोबर, त्यात मराठीला सव्वापट वजन आहे, आणि आपल्याकडची पोरं मराठीत मार्क काढतात आणि कन्नड-गणितात अडकतात, तेव्हा हे वजन त्यांच्या फायद्याचंच आहे, पालकांना एवढं कागदावर करून दाखवलं की भांडण संपतंय.

चंदगडच्या पाहुण्यांशी तुलना करतात ते वेगळंच. तिकडे महाराष्ट्रात 10वी-12वीला 75 पासून डिस्टिंक्शन, इकडे पीयूसीला, म्हणजे 12वीला, 600 पैकी 510 लागतात, म्हणजे 85. तिकडचा भाचा 76 घेऊन पेढे वाटतो आणि इकडची पोरगी 84 घेऊन नुसती फर्स्ट क्लास. तिकडे 10वीला बेस्ट ऑफ फाइव्ह पण असतंय, सहातला एक पडेल विषय सोडून पाचाचे टक्के काढतात, आपल्याकडे सहाच्या सहा मोजले जातात. ग्रेडला ग्रेड लावून बघू नका, विषयवार मार्क मागा आणि ते शेजारी ठेवून बघा, एवढंच त्यांना सांगायचं.

राहिली ती तापाची मुलगी. तिला शून्य टाकू नका, सॅट्समध्ये गैरहजर अशीच नोंद करून ठेवा आणि दुसरी टेस्ट होईल त्यात तिला बसवा, तिचे तेच मार्क धरा. वर्गाची सरासरी देऊ नका, दुसऱ्या विषयांवरून अंदाजाने पण देऊ नका. आणि हो, तिला तोच पेपर परत देऊ नका, मैत्रिणींनी एव्हाना सगळे प्रश्न सांगितलेले असतात. आकडे बदला, आलेख नवीन काढा, आणि झेरॉक्सला पाठवायच्या आधी एक प्रत स्वतः डोळ्यासमोर धरून अक्षावरचे आकडे वाचता येतात का ते बघा.